पांढरी दोनची पट्टी

“पुन्हा लवंग! कोण खातंय लवंग?”

देवचक्के सरांनी हातातली छडी स्टँडवर आपटली आणि अख्खा हॉल गप्प झाला. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालायची. सर ऑर्केस्ट्राचे मालक, संगीतकार, निवेदक, सगळं तेच. नाक वर करून वास घेत घेत ते आमच्या रांगेपर्यंत आले.

“ऑर्केस्ट्रा आहे हा का मसालेभाताची पंगत?”

“सर, या वासानं माझा गळा धरतो,” माइकपाशी उभा असलेला हेमकांत म्हणाला. हेमकांत आमचा हुकमी गायक. “मी मागेच सांगितलं होतं.”

लवंग माझ्या वरच्या ओठाखाली होती, पुढच्या दातांच्या हिरडीला चिकटवलेली. माझ्या शेजारी क्लॅरिनेटवाले इनायतभाई बसायचे. त्यांच्या गालातही एक होती, ती त्यांनी त्याच क्षणी गिळली. मागे व्हायोलिनवर नाना खांडेकर. व्हायोलिन हनुवटीखाली दाबून दाबून नानांचा जबडा उघडताना कट् वाजायचा, आणि त्यांच्या हातरुमालाला कायम लवंगेच्या तेलाचा वास. म्हणजे सगळी रांगच चोर. पण नाव घ्यायला एकजण तयार नव्हता.

“मी खाल्ली,” मी म्हटलं. “खोकला येतोय.”

“खोकला?” सर माझ्याकडे बघून गोड हसले. ते गोड हसले की समजावं, कुणाचं तरी काही खरं नाही. “परेश, जरा ट्रंपेट लाव रे.”

परेश आमचा की-बोर्डवाला. सरांनी नुकताच मुंबईहून नवा सिंथेसायझर आणला होता. परेशनं एक बटण दाबलं आणि त्या पेटाऱ्यातून पीं करून ट्रंपेट निघाला.

“ऐका,” सर म्हणाले. “याला खोकला नाही, दात नाहीत, माहेरपण नाही. गुणाचं लेकरू.”

सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला! कानामागून आली आणि तिखट झाली, तशी ती मशीन. तिच्या येण्यानं आमच्या फुंकणाऱ्यांच्या रांगेत एक अलिखित नियम झाला होता. तोंडातलं दुखणं तोंडातच ठेवायचं. दात दुखतोय म्हटलं की सर म्हणणार, “मग घरी बसा, परेश आहे.”

मी सुवार्ता उजागरे. राहुरीजवळच्या एका खेड्यातली. माझे बाबा चर्चच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. त्यांना मुलगा झाला नाही म्हणून त्यांनी कॉर्नेट माझ्या हातात दिला, आणि गावानं नावं ठेवली तेव्हा म्हणाले, “पोरीला फुप्फुसं नसतात का?” त्या कॉर्नेटवरून मी ट्रंपेटवर आले आणि ट्रंपेटनं मला पुण्यात आणलं. आमच्या पोस्टरवर माझा फोटो असायचा, खाली ‘एकमेव लेडी ट्रंपेट’. लग्न केलं नाही. विचारणारे यायचे, पण वाजवणं सोडशील का, हा प्रश्न खिशात घालूनच यायचे. माझं जे काही होतं ते त्या पितळी नळीत होतं.

आणि त्या वर्षी तोंडानं दगा दिला. दिवाळीपासून वरचे पुढचे दोन दात ठणकायला लागले. ठणका तिथून गालात, गालातून कानात, कानातून कानशिलात. भाकरी तोडता येईना, दुधात कुस्करून खायची. केसांतून फणी फिरवली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आमच्यात एक जुनी समजूत होती. मागची दाढ काढली की पुढच्या दातांना जागा होते, त्यांच्यावरचा दाब हटतो. कुणी काढली ही अक्कल, देव जाणे, पण फुंकणारे सगळे ती छातीठोकपणे सांगायचे. मी दौऱ्यावर एका गावात एसटी स्टँडसमोरच्या दातवाल्याकडे शिरले आणि चांगली धडधाकट दाढ उपटून आले. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी.

शेवटी इनायतभाईंनीच पत्ता दिला. “कसबा पेठेत एक दातांची बाई डॉक्टर आहे, बेटा. खेकसते फार. पण नीट बघते.”

डॉक्टर वृंदा शेजवलकर. माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी मोठी असेल, हातात छोटा आरसा आणि आवाज फौजदाराचा. माझं तोंड बघितलं, दाढेची रिकामी जागा बघितली आणि तिनं कपाळावर हात मारला.

“ही कुणी काढली?”

मी समजूत सांगितली.

“शहाण्यांचा बाजार आहे नुसता. आणि ते वाद्य कुठाय?”

“घरी.”

“बाई, चप्पल चावते म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात आणि चप्पल घरी ठेवून आलात. उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी ट्रंपेटची पेटी घेऊन गेले. डॉक्टरनं मला त्या लोळायच्या खुर्चीत सरळ बसवलं, दोन्ही हातांची बोटं माझ्या कानांच्या पुढे जबड्याच्या सांध्यावर ठेवली आणि म्हणाली, “हं. वाजवा.”

“इथं?”

“मग काय बालगंधर्वला जाऊ या?”

मी बाबांनी शिकवलेलं एक स्तोत्र वाजवलं, रविवारी सकाळी चर्चमध्ये वाजायचं ते. बाहेरच्या बाकावरचा पेशंट दार ढकलून आत डोकावला, नर्स हसायला लागली. डॉक्टर मात्र डोळे मिटून माझ्या जबड्याला कान दिल्यासारखी उभी होती.

“आता तुमच्या ऑर्केस्ट्रातलं एखादं.”

मी दीपस्तंभाचं गाणं घेतलं. सरांचीच चाल ती, आमच्या कार्यक्रमाचं हुकमाचं पान. काळोखात एकटा ट्रंपेट सुरू होतो, लांबून बोटीचा भोंगा यावा तसा, त्याला क्लॅरिनेट उत्तर देते, मग व्हायोलिनं आणि मग हेमकांत. मी पहिली ओळ वर नेली आणि वरच्या सुरावर नेहमीसारखी कळ आली, सरळ डोळ्यात. ट्रंपेट माझ्या हातातून मांडीवर आला.

“मघाच्या गाण्याला दुखलं?”

“नाही,” मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच दचकले. खरंच दुखलं नव्हतं.

“मघाशी तुमचा जबडा लोण्यासारखा होता. आता दगड झाला. वरचा सूर काढायला तुम्ही ते धूड तोंडावर किती दाबता, कळतंय का तुम्हाला? दात किडलेले नाहीत. हलताहेत. हिरडी मागं सरकलीय. हे गाणं पहिल्यापासून असंच वाजवता?”

“हेच गाणं. पण मागच्या वर्षापर्यंत पट्टी खाली होती.”

त्याचं असं झालं होतं. हे गाणं मुळात पेटीच्या पांढरी दोनमध्ये बसवलेलं. वाजवायला सुखाचं. मग कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रातला गायक तसलंच एक गाणं काळी दोनला गायला आणि टाळ्या घेऊन गेला. सरांना पोटशूळ उठला. त्यांनी आमचं गाणं उचलून त्याच्याही वर, थेट पांढरी चारला नेलं आणि हेमकांतच्या फोटोखाली छापलं, ‘पांढरी चारचा बादशहा’. गायकानं पट्टी चढवली की आम्ही सगळे त्याच्यामागून चढायचं, ही आमच्या धंद्याची रीत. चढताना कुणाचं काय फाटतं, हे कुणी विचारत नाही.

डॉक्टर म्हणाली, “असंच चाललं तर हे दोन दात लवकरच माझ्या ट्रेमध्ये येतील. मी खोटे बसवून देईन. भाकरी खाल. पण त्या खोट्या दातांवर हे वाजेल का, ते मला विचारू नका. बहुतेक नाही वाजणार.”

“सुट्टी घेतली तर?”

“बरं वाटेल. परत त्याच पट्टीत वाजवलंत की परत हेच. उपाय तुम्हीच सांगितलात आत्ता. पट्टी उतरवा.”

“पट्टी माझ्या हातात नसते, डॉक्टर.”

“मग दात माझ्या हातात येतील,” ती म्हणाली आणि नळाखाली हात धुवायला गेली.

मी पेटी घेऊन चालत सरळ तालमीला गेले. दाढ उपटून घेतली, महिने न् महिने दूधभाकरी खाल्ली, आणि सगळं कशासाठी? पोस्टरवरच्या एका ओळीसाठी! तालीम सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले.

“सर, दीपस्तंभाची पट्टी उतरवा. पूर्वीसारखी पांढरी दोन करा.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “का बुवा?”

“माझे पुढचे दात हलताहेत. डॉक्टरनं सांगितलंय, या पट्टीत वाजवलं तर पडणार.”

बोलले एकदाची. रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, मी जणू चारचौघांत लुगडं सोडलं होतं.

हेमकांत माइकपासून वळला. चांगला उंचापुरा, केस मागे फिरवलेले, रेशमी झब्बा. “पट्टी उतरवायची म्हणजे माझी पगडी उतरवायची, बाई. लोक पांढरी चार ऐकायला तिकीट काढतात.”

“मग माझे दात उतरवायचे का?”

“दात तुमचे. गाणं माझं.”

मी इनायतभाईंकडे बघितलं. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडावा लागतो. त्यांचा ओठ आतून सोलपटून निघाला होता. विडीच्या बंडलाचा पातळ कागद घडी करून ते खालच्या दातांवर बसवायचे, मगच वाजवायचे. मी पाहिलं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं. इनायतभाई क्लॅरिनेटची पत्ती रुमालानं पुसत राहिले. नानांच्या जबड्यातून कट् आवाज आला, शब्द आला नाही.

“आणखी कुणाला त्रास आहे?” सरांनी विचारलं.

कुणालाच नव्हता!

“बघा, सुवार्ताबाई. सगळे ठणठणीत. रविवारी सांगलीचा प्रयोग तेवढा करा, मग तुमचं काय ते बघू. परेश, तू इंट्रो बसवून ठेव.”

म्हणजे सांगली शेवटची. दातही जाणार आणि खुर्चीही जाणार, फक्त आधी काय जातं एवढंच बघायचं होतं. रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. सकाळी आरशात दात बोटानं हलवून बघितले आणि स्वतःलाच म्हटलं, सुवार्ते, तोंड दाबून बुक्क्यांचा मार आणखी किती खाणार तू?

सांगलीला जाताना आमची बस जेवायला एका ढाब्यावर थांबली. हेमकांत नेहमीप्रमाणे आमच्यात जेवायला बसला नाही. बसमध्येच त्याचा डबा उघडला, दहीभात मऊ कालवलेला, वर दूध. याला तो गायकाचा आहार म्हणायचा. आम्ही बाहेर बाकड्यावर. मी इनायतभाईंसमोर ताट घेऊन बसले.

“का बोलला नाहीत त्या दिवशी?”

“बेटा, आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाची करायची?”

“सरांची! हेमकांतची!”

“आणि सरांनी काढलं तर? मी बँडवाल्याचा पोरगा आहे, मला माहिताय तिथलं. वरातीपुढं उन्हात चालत वाजवायचं, पुढे घोडं, मागे नाचणारे प्यालेले. या वयात नाही होत.” त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून भिजायची वाट बघितली. “तू शिकलेली आहेस. तुला कुठंही मिळेल.”

“ट्रंपेट वाजवणाऱ्या बाईला कुठंही? कुठं हो, इनायतभाई? दाखवा तरी.”

ते भाकरीचा दुसरा तुकडा तोडायला लागले.

“ऐका,” मी म्हटलं. “उद्या मी गाणं खालून उचलणार. पांढरी दोन.”

त्यांचा घास हातातच राहिला. “वेडी झालीस? सगळे वर आणि तू खाली? स्टेजवर बोंब होईल!”

“सुरुवात मी एकटी करते. माझ्यानंतर पहिले येता तुम्ही. कुठं यायचं ते तुम्ही ठरवा.”

“मी येणार नाही खाली. आधीच सांगतो.” ताट तसंच ठेवून ते उठले. “आणि मला हे तू बोललीच नाहीस. मी काही ऐकलेलं नाही.” असं म्हणून ते बसमध्ये जाऊन खिडकीपाशी बसले आणि सांगली येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारचा दुपारचा प्रयोग. थिएटर खचाखच भरलेलं, बायका पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या, पंखे गरगरत होते. दीपस्तंभाचं गाणं मध्यंतराच्या आधी. मी त्या दिवशी हिरडीत लवंग ठेवली नाही. म्हटलं, आज जे काही होईल ते माझ्या तोंडाला कळू दे.

निवेदन संपलं. दिवे गेले. एक गोल उजेड माझ्या अंगावर पडला. मी उभी राहिले, साडीचा पदर खोचला, ट्रंपेट ओठांना लावला. उजेडाच्या कडेला सरांची छडी वर गेलेली दिसत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू! पण भीतीच्या वर राग होता, आणि रागाच्या वर बाबांचा तो प्रश्न. पोरीला फुप्फुसं नसतात का?

छडी खाली आली आणि मी पांढरी दोनमधून सूर लावला.

सरांना आधी वाटलं, माझं चुकलं. त्यांनी मान झटकली. मग मी दुसरा सूर लावला, तिसरा लावला, आणि त्यांना कळलं. छडी सोडून त्यांनी अंगठा वर केला, वर, वर, असा खुणावत राहिले. मी त्यांच्याच डोळ्यांत बघून वाजवत होते. आणि काय सांगू, तो सूर! दाबावं लागत नव्हतं, ढकलावं लागत नव्हतं, पोटातून वारा निघून सरळ बाहेर पडत होता. वर्षभरात विसरलेच होते की या गाण्यात एवढी माया आहे. थिएटर चिडीचूप झालं होतं.

माझी ओळ संपली. आता क्लॅरिनेटचं उत्तर.

इनायतभाईंच्या तोंडात क्लॅरिनेट होती. ते वरच्या पट्टीत आले असते तर बेसूर मी ठरले असते, हजार माणसांसमोर. उद्या परेश, परवा राहुरी. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि वाजवलं.

खाली. पांढरी दोन. माझ्या सुराला चिकटून, काहीच न ऐकल्यासारखं निरागस तोंड करून. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग नाना आले, त्यांच्यामागे सगळी व्हायोलिनं खाली उतरली. परेशच्या मशीनला पट्टी बदलायचं एक बटण होतं. आम्ही वर्षभर हिरड्या फोडून जे करत होतो ते त्यानं एका बोटानं केलं आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.

राहिला हेमकांत. तो गर्रकन मागे वळला. असा चेहरा की आता माइक फेकून मारतो. पण पडदा वर, लोक समोर, सूर सुरू झालेला. गाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो पुढे वळला आणि गायला लागला.

पांढरी चारला तो शेवटच्या ओळीत किंचाळायचा आणि लोक त्या उंचीला टाळ्या द्यायचे, सर्कशीतल्या झोक्याला देतात तशा. आज मध्ये कुणीच टाळी वाजवली नाही. लोक ऐकत होते. त्याचा आवाज इतका भरदार आहे, हे आम्हीही विसरलो होतो. गाणं संपलं आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. “वन्स मोअर! वन्स मोअर!”

सर हसत हसत, प्रेक्षकांना हात जोडत माझ्या स्टँडपाशी आले. हसू तसंच ठेवून ओठांतल्या ओठांत म्हणाले, “आता वरून. नाहीतर उद्यापासून घरी बसायचं.”

“वरून हवं असेल तर परेशला सांगा,” मी मोठ्यानंच म्हटलं. “मी वाजवीन ती पांढरी दोन.”

“मालक मी आहे.”

“ऑर्केस्ट्राचे. माझ्या तोंडाचे नाही.”

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मान पुढे काढून आमच्याकडे बघितलं. सरांचं हसू आता गालावर वाळून गेलं होतं. ते परेशकडे वळले. “ट्रंपेट लाव. पांढरी चार.”

परेशनं बटण दाबल्यासारखं केलं. पुन्हा दाबल्यासारखं केलं. मशीनला एक चापट मारली. “सर, खालीच अडकलंय. वर जातच नाही.”

गुणाचं लेकरू! मागून नानांचा जबडा कट् करून वाजला, आणि यावेळी ते हसताना वाजला होता.

लोक ओरडतच होते. सरांनी शेवटचा पत्ता टाकला. “हेमकांत, गाणं तुझं आहे. तूच सांग यांना. कुठून?”

हेमकांतनं माइकवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं, इनायतभाईंकडे बघितलं. मी मनाशी म्हटलं, संपलं. दात तुमचे, गाणं माझं, असं म्हणणारा माणूस हा.

“खालून,” तो म्हणाला.

आम्ही पुन्हा तेच गाणं तिथूनच वाजवलं.

मध्यंतरात मी विंगेत लाकडी पेटीवर बसून ट्रंपेटमधलं पाणी झटकत होते. सर एकदा समोरून गेले, “बघतो तुम्हाला,” म्हणाले आणि चहाकडे गेले. इनायतभाईंनी लांबूनच मला सलाम केला, जवळ यायची हिंमत अजून झाली नव्हती. एवढ्यात हेमकांत आला. मी उठून उभी राहिले, कंबर कसूनच.

“हेमकांतजी, काय बोलायचं ते बोलून घ्या. पण मी ऐकणार नाही.”

त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग हळूच डाव्या कानापुढे तळवा ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, “बाई, लवंग आहे का एखादी?”

तो मऊ कालवलेला दहीभात, ते दूध, बसमध्ये एकट्यानं जेवणं, सगळं एकदम माझ्यासमोर आलं. गायकाचा आहार कसला! माझीच कुस्करलेली भाकरी होती ती.

“कधीपासून?”

“पट्टी चढवली तेव्हापासून. वरच्या सुराला तोंड इतकं उघडावं लागतं, वाटतं जबडा निखळून हातात येईल. रात्री मिटत नाही, सकाळी उघडत नाही.”

“मग त्या दिवशी का नाही बोललात? मी एकटी उभी होते तिथं! तुम्ही नुसतं हो म्हणाला असतात तर...” माझा आवाज चढला.

“कसं बोलणार? बादशहा म्हणून छापलंय ना त्यांनी.” त्याचे डोळे भरून आले होते. एवढा उंचापुरा माणूस, शाळेतल्या पोरासारखा उभा होता. “तुम्ही खालून उचललंत आणि मला... बाई, वर्षभरात पहिल्यांदा गाताना दुखलं नाही.”

राग होता माझ्या मनात, का नसावा? पण ठणका कसा असतो हे मला माहीत होतं. मी ट्रंपेटच्या पेटीतली पत्र्याची डबी काढली आणि उघडून त्याच्यापुढे धरली. त्यानं घाईनं एक उचलली आणि पाठ वळवून तोंडात टाकायला लागला.

“अं हं,” मी म्हटलं. “लपून नाही. स्टेजवर जा, सरांसमोर उभे राहा आणि तिथं चावा.”

तिसरी घंटा झाली. आम्ही जागेवर बसलो. हेमकांत सरळ मध्ये गेला, सरांच्या पुढ्यात उभा राहिला आणि लवंग तोंडात टाकून कडकन चावली. इनायतभाईंनी माझ्यापुढे हात पसरला, मी डबी दिली, त्यांनी एक घेऊन मागे नानांकडे सरकवली. पडद्याआड सगळीकडे वास पसरला. सरांनी नाक वर केलं. कोण खातंय म्हणून विचारायला तोंड उघडलं, हेमकांतकडे बघितलं, आमच्या रांगेकडे बघितलं आणि मिटलं. मग त्यांनी छडी उचलली.

मला कुणी घरी बसवलं नाही. पोस्टरवरचा बादशहा पुढच्या छपाईत गळला आणि दीपस्तंभाचं गाणं ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत पांढरी दोनमध्येच वाजलं. ते दोन दात अजून माझ्या तोंडात आहेत. जरा वाकडे आहेत, पण भाकरी तोडतात.